शेंबगवल्लीच्या हाताचा फोटो

शिवकाशीच्या त्या गल्लीत कुणाच्या कॉम्प्युटरवर फोटो अडकला की तंगकनीला हाक जायची. कुणाचा फोटो पुढेच सरकत नाही, फटाक्यांची लेबलं छापणाऱ्याला गिऱ्हाइकाने पाठवलेला मुरुगन देवाचा फोटो नुसता धुरकट दिसतो, कुणाचा जातो पण आडवा जातो. मालक कालीराजन अण्णाचींच्या छापखान्यात कॅलेंडरांची आणि लग्नपत्रिकांची मांडणी करणं हे तिचं पगाराचं काम. हे दुसरं बिनपगारी. ती खुर्ची ओढून बसायची, पदर खोचायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "काय काय दाबून बघितलंस? खरं सांग." कारण निम्म्या वेळा माणसाने घाबरून भलभलती बटणं दाबलेली असायची आणि मूळ दुखणं राहायचं बाजूला.

शिकलेली होती ती. सात्तूरच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. केलं होतं. लग्न झालं ते लॉरी चालवणाऱ्या माणसाशी. तो फटाक्यांच्या नाहीतर वह्यांच्या पेट्या घेऊन उत्तरेकडे निघाला की पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा. त्या रिकाम्या दिवसांत ती कॉम्प्युटर शिकली. एकुलती एक मुलगी शेंबगवल्ली तेव्हा शाळेत जात होती. आता ती कोइंबतूरला हॉस्टेलवर राहून इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तंगकनीला स्वस्थ बसणं म्हणून माहीत राहिलं नव्हतं.

बाइंडिंगच्या टेबलावरची पेची अक्का म्हणायची, "हिला काळजी करायला कारण लागत नाही गं, नुसती फुरसत लागते."

तंगकनी हसून घ्यायची, पण ते खरं होतं. मुलीच्या आवाजावर तिचा विश्वास नव्हता. शेंबगवल्ली ताप असला तरी आणि पोटभर बिर्याणी खाल्ली असली तरी एकाच सुरात "बरी आहे अम्मा" म्हणायची. म्हणून दर रविवारी मुलीने एक फोटो पाठवायचा असा दोघींचा करार होता. तंगकनीचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. फोटो यायचा छापखान्याच्या फोनवर. तो फोन अण्णाचींच्या टेबलाच्या खणात चार्जरला लावून ठेवलेला असायचा. कॉम्प्युटरवरचं मेसेजचं पान त्या फोनला जोडलेलं होतं. त्या काळी ते तसंच चालायचं, फोन जागा असेल तर कॉम्प्युटरवर फोटो उघडणार, नाहीतर नाही. फोन सहसा कुणी खणाबाहेर काढतच नसे, त्यामुळे तो आहे हेही विसरायला व्हायचं. सोमवारी सकाळी कामाला आली की तंगकनी आधी मुलीचा फोटो मोठा करायची. गालाची हाडं वर आली आहेत का, डोळ्यांखाली काळं आहे का, नखं कशी आहेत, हे बघून झालं की मगच दिवसाच्या कामाला हात लावायची.

त्या वर्षी आयुधपूजेच्या दिवशी सकाळी ती छापखाना झाडत असताना तिचा फोन वाजला. हॉस्टेलच्या वॉर्डन लोगनायकी बोलत होत्या.

"तुमच्या मुलीला अम्मन आलीय. ताप आहे कालपरवापासून, आज अंगावर उठलंय. वेगळ्या खोलीत ठेवलंय, उशाशी कडुलिंब ठेवलाय. तुम्ही येऊन घेऊन जा."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"अम्मन आल्यावर डॉक्टर काय करणार? इतक्या मुली बघितल्यात मी. शिवाय हॉस्टेलमध्ये बाकीच्या पोरी आहेत, मला त्यांचंही बघायला हवं."

मागून शेंबगवल्लीचा आवाज आला, बारीक आणि कंटाळलेला. तिने फोन मागून घेतला. "अम्मा, काही नाही गं. थोडे ठिपके आहेत. मला घरी नेऊ नकोस. सुट्टी संपली की कंपनीची माणसं मुलाखतीला येणार आहेत. तोवर जाईल सगळं."

"गोळी घेतलीस तापाची?"

"अम्मन आल्यावर गोळी घ्यायची नाही, हे तूच सांगितलंस ना? सेल्वमच्या वेळी तू सगळ्यांना ओरडली होतीस."

सेल्वम म्हणजे तंगकनीचा भाचा. त्याला कांजिण्या आल्या, म्हणजे त्यांच्याकडच्या भाषेत अम्मन, देवीच अंगावर आली, तेव्हा तिनेच घरातलं तळण बंद केलं होतं, पोराच्या अंगाखाली कडुलिंबाचा पाला अंथरला होता, आणि गोळीचं पाकीट घेऊन आलेल्या दिराला दारातून परत पाठवलं होतं. शेंबगवल्लीला तेव्हा आजीकडे धाडलं होतं. पोरीने त्यातलं गोळी घ्यायची नाही एवढंच लक्षात ठेवलं होतं.

तंगकनीला डेंग्यूची आठवण झाली. मागच्याच आठवड्यात त्यांच्या गल्लीच्या टोकाला एक कॉलेजचा मुलगा डेंग्यूने गेला होता. त्याच्याही अंगावर लाल उठलं होतं म्हणे. आता काय करायचं? देवी असेल आणि आपण सुया टोचायला लावल्या तर तिचा कोप. देवी नसेल आणि आपण पाल्यावर निजवून ठेवलं तर पोरगी हातची जाईल. आवाजावरून काहीच कळत नव्हतं. एकदा डोळ्यांनी बघितलं असतं तर कळलं असतं. कांजिण्यांच्या फोडात पाणी असतं. ते तिने जवळून बघितलं होतं.

"मॅडम, एक काम करा. खिडकीपाशी नेऊन तिच्या हाताचा फोटो काढा आणि छापखान्याच्या नंबरवर पाठवा. मी बघून लगेच फोन करते."

"पाठवते. पण मग मी पूजेला बसणार आहे, तास-दोन तास मला फोन करू नका," वॉर्डन म्हणाल्या.

छापखान्यात धांदल होती. यंत्रं पुसून झाली होती, दाराला केळीचे खुंट बांधले होते. भिंतीपाशी सरस्वतीच्या फोटोसमोर पाट मांडून अण्णाची एकेक आयुध गोळा करत होते. कागद कापायचं पातं, शाईच्या सुऱ्या, पट्ट्या, बाइंडिंगच्या सुया. एकदा कापूर दाखवला की दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यारं विसावतात.

तंगकनीने कॉम्प्युटर चालू केला. मेसेजचं पान उघडलं आणि थोड्याच वेळात वॉर्डनच्या नावासमोर फोटो आला. पण नीट आला नाही. एक धुरकट चौकोन, मध्ये गोल फिरणारं चक्र. गव्हाळ रंगाचा पट्टा दिसत होता आणि त्यावर लालसर काहीतरी पसरलेलं. ते ठिपके होते, फोड होते, की नुसती ओढणी होती, कळायला मार्ग नव्हता. तिने चौकोनावर टिचकी मारली. चक्र फिरत राहिलं.

"तंगकनी, बंद कर गं तो डबा," अण्णाचींनी पाठमोऱ्यानेच सांगितलं. "राहुकाळ लागायच्या आत उरकायचंय. त्याच्या कपाळालाही चंदन लावायचंय मला."

"झालंच अण्णाची."

तिने नुसता पडदा बंद केला. टेबलाखालचा डबा चालूच ठेवला. पूजेच्या वेळी असं काही करायची तिची ही पहिलीच वेळ.

पूजा सुरू झाली. अण्णाचींनी काळ्या पडद्याच्या मधोमध चंदनाचा टिळा लावला, त्यावर कुंकू टेकवलं. टेबलाखाली पंखा घरघरत होता. तंगकनी हात जोडून अगदी टेबलाला खेटून उभी राहिली, तो आवाज कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून. घंटा वाजायला लागली तेव्हा तिला हायसं वाटलं आणि थांबली तेव्हा ती टेबलाला आणखी चिकटली. डोळे मिटले की तो गव्हाळ पट्टा समोर यायचा. कापूर फिरला, सगळ्यांनी त्यावरून हात फिरवून डोळ्यांना लावले. तिने दोनदा लावले.

चुरमुरे, गूळ आणि हरभऱ्याचं सुंडल पानांवर वाढलं जाऊ लागलं तशी ती हळूच टेबलापाशी सरकली आणि पडदा सुरू केला. चंदनाच्या टिळ्याआडून तोच धुरकट चौकोन. वर पिवळी पट्टी आली होती, फोनशी संपर्क नाही.

ही पट्टी दिवसातून चार वेळा यायची. मोडेम अडकला की यायची. तंगकनीने मोडेमची पिन काढली, मनात अंक मोजले, परत लावली. दिवे हिरवे झाले. पट्टी तशीच. तिने पान पुन्हा उघडलं. तसंच. दुसऱ्या टेबलावरची तार आणून लावली. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. तो सुरू होईपर्यंत ती उभ्याने अंगठ्याचं नख चावत होती. पट्टी तिथेच.

पेची अक्का पान हातात घेऊन मागे येऊन उभी राहिली. "अगं, आज यंत्राला तरी सुट्टी दे. गिऱ्हाईक पळून जाणार आहे का?"

"गिऱ्हाईक नाही अक्का. पोरीचा फोटो आहे."

"सोमवारीच तर बघितलास. दोन दिवसांत काय ती म्हातारी झाली?"

तंगकनीने आपला साधा फोन काढला. तिने वॉर्डनना फोन लावला, कुणी उचलला नाही. शेंबगवल्लीला लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. झोपली असेल. की ताप चढून पडली असेल? उठवणारंही कुणी जवळ नसेल, वेगळ्या खोलीत ठेवलंय. तिने परत लावला, परत तेच. बाइंडिंगच्या बायकांकडे तिच्यासारखेच साधे फोन होते. गल्लीतली बाकीची दुकानं पूजा उरकून कुलपं लावून गेली होती.

मग तिने एक गोष्ट केली जी ती दुसऱ्या कुणाला कधीच करू द्यायची नाही. पानाने साठवून ठेवलेलं सगळं एका झटक्यात पुसून टाकलं. बाकी काही चाललं नाही तरच करायचा तो उपाय होता, आणि तोही आधी फोन हाताशी आहे याची खात्री करून. पुसल्याबरोबर धुरकट चौकोनही गेला. गव्हाळ पट्टा गेला, लालसर डाग गेले. उरला तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन आणि खाली सूचना, फोन याच्यासमोर धरा.

तिने अण्णाचींच्या टेबलाचा खण ओढला. आत चार्जरची वायर होती. फोन नव्हता.

तिने स्वतःच्या फोनवरून छापखान्याचा नंबर लावला. फोन बंद असल्याचं एक बाई शांतपणे सांगत राहिली.

"अक्का, खणातला फोन कुणी घेतला?"

"घेतला कुठे? बसवलाय," पेची अक्काने हनुवटीने पाटाकडे खूण केली. "अण्णाची म्हणाले, यंदा निम्मं काम यानेच आणलं, मग हाही आयुधच. बंद करून त्यांनीच ठेवला. टिळा मी लावला की, तू काय झोपली होतीस?"

पात्याच्या आणि सुऱ्यांच्या मध्ये, झेंडूच्या पाकळ्यांत फोन उताणा पडला होता. त्याच्या काचेवर चंदनाची तीन बोटं ओढलेली होती.

म्हणजे तिचा फोटो अर्धा उतरत असतानाच अण्णाचींनी फोनचा गळा आवळला होता. आणि ती इतका वेळ मोडेमच्या तारा उपटत बसली होती. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरपाशी असती तर पहिल्याच दमात विचारलं असतं, "फोन कुठाय?"

अण्णाची दारात दृष्ट काढायला कोहळ्यावर कापूर ठेवत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णाची, मला फोन हवाय. पाटावरचा."

"उद्या."

"आत्ता हवाय."

त्यांनी वर बघितलं. कालीराजन अण्णाची तापट नव्हते, पण या बाबतीत त्यांच्याशी कुणी बोलत नसे. त्यांच्या वडिलांच्या वेळी एका कामगाराने पूजेतलं पातं दुपारीच उचललं होतं, आणि पुढच्याच महिन्यात त्याची दोन बोटं गेली होती. ते रक्त अण्णाचींनी लहानपणी बघितलं होतं.

"कापूर दाखवून झालाय बाई. आता माझ्या हातात काही नाही. असं काय अडलंय?"

तंगकनीने सांगितलं. देवी म्हणतात, पण डेंग्यूही असू शकतो. वॉर्डन फोन घेत नाही, पोरगी उचलत नाही. सांगताना तिचा आवाज चिरकला आणि त्याचा तिला राग आला.

"देवीच असली तर?" अण्णाचींनी खालच्या आवाजात विचारलं. "देवीवर संशय घेऊन तू पूजा मोडायला निघालीस, असं होईल."

"असेल देवी. बघितलं की मी इथूनच हात जोडीन. पण मला बघू दे."

बायकांचं चुरमुरे खाणं थांबलं होतं. पेची अक्का म्हणाली, "अण्णाची, पोरगी तुमच्या मांडीवर खेळलीय. आणि फोनला काही धार नाही, कुणाची बोटं कापायला."

"तू गप्प बस." अण्णाची उठले. पाटासमोर जाऊन थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "पूजा मोडायची नाही. त्या एकट्याची उत्तरपूजा आत्ता करू. बाकीच्यांची उद्या."

आणि ते ती करायला बसले. रीतसर. आधी हात धुतले. फुलं आणायला लावली. कापूर संपला होता, तो कोहळ्यावरून उचलून आणला. काडी दोनदा विझली. नैवेद्याला गूळ शिल्लक नव्हता म्हणून सुंडलच ठेवलं आणि त्याबद्दल सरस्वतीची माफी मागितली. तंगकनीला वाटत होतं, झडप घालून फोन उचलावा. तिने पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं की नंतर ते इस्त्री करूनही सरळ झालं नाही. अण्णाची ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिले, घंटा वाजवत राहिले, आणि शेवटी त्यांनी फोन दोन्ही हातांनी उचलून, डोळ्यांना लावून तिच्या ओंजळीत ठेवला.

"घे. आता हा कामाला लागला."

फोन सुरू व्हायला वेळ लागला. चार्जरच्या भोकात चंदन गेलं होतं, ते पेची अक्काने पदराच्या पिनेने काढलं. तंगकनीने काच पदराला पुसली, फोन कॉम्प्युटरसमोर धरला. कॅमेऱ्यावरही चंदन होतं, चौकोन ओळखू येईना. परत पुसला. परत धरला. एक बारीक आवाज झाला आणि पान उघडलं. एकामागून एक नावं खाली उतरली, सणाच्या शुभेच्छा, दिवे, लक्ष्म्या, गणपती. त्यांच्या खाली वॉर्डनचं नाव. चक्र फिरलं, फिरलं, आणि फोटो उघडला.

शेंबगवल्लीचा डावा हात, कोपरापासून मनगटापर्यंत. बांगडी वर सरकवलेली. खिडकीचा उजेड पडला होता. तंगकनीने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. ठिपके बारीक होते, टाचणी टोचल्यासारखे, लालभडक. कातडीवर वर आलेला एकही नव्हता. पाणी धरलेला एकही नव्हता. तिने मनगटापासून कोपरापर्यंत एकेक ठिपका बघितला, मग परत खाली आली. अण्णाची मागे उभे राहून बघत होते.

"ही देवी नाही," तंगकनी म्हणाली.

वॉर्डननी चौथ्या वेळी फोन उचलला. "सांगितलं होतं ना, पूजेत आहे म्हणून."

"तिला आत्ता हॉस्पिटलात न्या. रिक्षा करा, पैसे मी देते. कांजिण्या नाहीत या."

"तुम्ही काय डॉक्टर आहात का?"

"नाही. म्हणून तर डॉक्टरकडे न्या म्हणते. आणि तुम्ही नेणार नसाल तर तसं सांगा. मी इथून पोलिसांना फोन करते आणि मग निघते."

पलीकडे घंटेचा आवाज येत होता. मग तो थांबला. "नेते," वॉर्डन म्हणाल्या. "ओरडू नका."

अण्णाचींनी फोन चार्जरसकट पिशवीत घालून तिच्या खांद्याला अडकवला. "हा तुझ्याजवळच ठेव. पोचल्यावर कळव." पेची अक्काने तिला मदुराईच्या बसमध्ये बसवून दिलं. बस थांबली की तंगकनीला वाटायचं आपण खाली उतरून ढकलावी. मदुराईच्या पुढे वॉर्डनचा फोटो आला. हाताला सलाईन, शेंबगवल्लीचं तोंड सुजलेलं, डोळे उघडे आणि चेहऱ्यावर आठी. ती आठी बघून तंगकनी रडायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्याने काही न विचारता आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे केली.

डेंग्यूच होता. रक्तातल्या पेशी बऱ्याच उतरल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी उतरल्या. तंगकनी खाटेच्या कडेवर बसून मुलीच्या हातावरचे ठिपके बघत राही. शेवटी नर्सने तिला दटावलं, "अहो अम्मा, तो हात जरा सोडा की." मुलाखत बुडाली म्हणून शेंबगवल्ली भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि आईशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी पेशी चढू लागल्या. चौथ्या दिवशी तिने दीड इडली खाल्ली आणि चटणी पाणचट आहे म्हणाली.

डॉक्टर तरुण होते, घाईत असायचे. कागद बघता बघता त्यांनी विचारलं, "घरी तापासाठी काय दिलं होतं? अंगदुखीच्या गोळ्या वगैरे?"

"काहीच नाही. हॉस्टेलवाल्यांना अम्मन वाटली. कडुलिंब ठेवला होता नुसता."

"मग एका परीने बरंच झालं. यात काही गोळ्या भलतंच करून बसतात, रक्तस्राव वाढवतात. मुलं दुकानातून आणून खातात." ते पुढच्या खाटेकडे वळले.

तंगकनी कागद हातात धरून तशीच उभी राहिली. आपणच एके काळी पोरीच्या डोक्यात भरवलेली, गोळी न घ्यायची ती गोष्ट. त्या गोष्टीने घात केला असता की त्याच गोष्टीने पोरीला तोवर धरून ठेवलं? अजून एक दिवस पाल्यावर काढला असता तर? आणि पहिल्याच दिवशी कुणी गोळी दिली असती तर? एका प्रश्नाचं उत्तर लागायच्या आत दुसरा पुढे यायचा.

"काय म्हणाले डॉक्टर?" शेंबगवल्लीने भिंतीकडचं तोंड पहिल्यांदाच वळवून विचारलं.

"परवा सोडतील म्हणाले," तंगकनी म्हणाली. गोळ्यांचं तिने सांगितलं नाही. पोरीने त्यातलंही गोळी घ्यायची नाही एवढंच लक्षात ठेवलं असतं.